रिकामा डबा परत देऊ नये

आमच्या फ्रिजवर वरच्या मजल्यावरच्या काकूंचे दोन डबे गेले तीन आठवडे पडून आहेत. एकातून अळूवड्या आल्या होत्या, दुसऱ्यातून साटोऱ्या. डबे घासूनपुसून ठेवलेत, काकू रोज जिन्यात भेटतात, तरी डबे काही वर जात नाहीत. कारण घरात ‘देण्यासारखं’ काही झालेलं नाही आणि रिकामा डबा परत द्यायचा नसतो. अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालावी, असं आजी सांगायची. का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं : बरं दिसत नाही.

या ‘बरं दिसत नाही’च्या मुळाशी काय आहे, याचा शोध मार्सेल मोस नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९२५ साली घेतला. मोस हा समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या एमिल दुर्खाइमचा भाचा. भेटवस्तूंच्या देवघेवीवरच्या त्याच्या दीर्घ निबंधाचं सार तीन वाक्यांत सांगता येतं. द्यावं लागतं. दिलेलं घ्यावं लागतं. घेतलेलं फेडावं लागतं. भेट वरून खुशीचा मामला दिसते, पण आतून ती बंधन असते, आणि त्या बंधनांवरच नाती उभी राहतात. भेटवस्तूला देणाऱ्याचा काही अंश चिकटलेला असतो, म्हणून ती परतफेड मागत राहते, असंही त्यानं पॉलिनेशियातल्या माओरी लोकांच्या समजुतींवरून मांडलं.

या सदरावर नेहमीचा आक्षेप असतो की, अळूवडीला फ्रेंच समाजशास्त्र कशाला? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. सिद्धान्ताचं नाव घेऊन साधी गोष्ट अवघड करणारे आपल्याकडे कमी नाहीत. पण माळ्यावरची स्टीलची भांडी एकदा खाली काढून बघा. ताटाच्या काठावर, तांब्याच्या गळ्यावर कोरलेलं असतं : अमक्यातमक्यांकडून सप्रेम भेट, खाली तारीख. देणाऱ्याचा अंश वस्तूत राहतो हे माओरींना समजुतीनं ठाऊक होतं, आपण तो मशीननं कोरून घेतला. आणि शेजारच्या कपाटात आहेराची वही असते. कुणाच्या घरच्या लग्नाला जायच्या आदल्या रात्री ती उघडायची, त्यांनी काय घातलं होतं ते पाहायचं आणि मग पाकीट भरायचं.

पियेर बूर्दिए या दुसऱ्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं यात पुढे एक बारकावा दाखवला, तो काळाचा. सकाळी आलेल्या डब्याची संध्याकाळी परतफेड केली, तर ती भेट राहत नाही, उधारी चुकती केल्यासारखं होतं. तेच पक्वान्न उलट पाठवलं तर अपमानच. मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे, म्हणजे दोन्हीकडून हिशेब नसल्याचं नाटक नीट वठतं. माझे तीन आठवडे मात्र या नियमातही बसत नाहीत. तो निव्वळ आळस.

इथवर सिद्धान्त आणि घर यांचं छान जमतं. पण खरी गंमत, किंवा खरं दुखणं, पुढे आहे. मोसच्या मते घेऊन परत न देणारा लहान ठरतो. आता हे आपल्या जुन्या गावगाड्याला लावून पाहा. भटजी दक्षिणा घेतात, परत काही देत नाहीत, तरी यजमान त्यांच्याच पाया पडतो. आणि गावाच्या वेशीची राखण करणारा महार, म्हणजे येसकर, भाकरी मागायला येई, तेव्हा ती वरून टाकली जाई. घेणारे दोघंही, परत न देणारेही दोघं, मग एक मोठा आणि एक लहान का? शिवाय ती भाकरी मुळात भेट नव्हतीच. गावाची राखण, सांगावे पोचवणं, मेलेली गुरं ओढणं या कामांची ती मजुरी होती. मजुरीला ‘मागणं’ म्हटलं की कष्ट करणारा याचक होतो आणि देणेकरी गाव दाता होतं.

मोस संस्कृत शिकलेला होता. महाभारतातल्या अनुशासनपर्वातल्या दानधर्माचा विचार त्याच्या निबंधात आहे. पण दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाकडून ही देवघेव कशी दिसते, हे ग्रंथांतून कळणार नव्हतं. त्यासाठी त्या बाजूला जन्मलेला अभ्यासक हवा होता, आणि तो मोसच्या निबंधाआधीच कामाला लागला होता. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी जातींच्या उगमावर निबंध वाचला. जात पसरली कशी हे सांगताना त्यांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच विचारवंताचा अनुकरणाचा सिद्धान्त हाताशी धरला आणि वंशाच्या आधारे जात समजावणाऱ्यांना खोडून काढलं. सिद्धान्त परका होता, प्रश्न घरचा होता. पुढे १९२७ साली महाडला त्यांनी आपल्या माणसांना उष्टं आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गावकीच्या याच कामांशी जोडलेल्या महार वतनाबाबतचं विधेयक मांडलं. विद्यापीठातला विचार भाकरीपर्यंत येऊन पोचला तो असा.

म्हणून माझं मत असं : सिद्धान्त घरात जरूर आणावा, पण पाहुणा म्हणून नाही. त्याला कामाला लावावं. तो आपल्या चालीरीती उलगडून दाखवतो तितकंच महत्त्वाचं असतं तो कुठे अडतो ते. आपण जे बोलत नाही, ते नेमकं त्या अडलेल्या जागी सापडतं.

एक शेवटचं. आहेराची वही पुन्हा उघडा आणि त्यात कोणाचं नाव नाही ते बघा. घरी भांडी घासायला, स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना आपण दिवाळीला साडी देतो, फराळ देतो, कधी उरलंसुरलं देतो, आणि मनातल्या मनात दाते होतो. त्यांच्या घरच्या चकल्या आपल्या ताटात किती वेळा आल्या? मोसच्या तीन बंधनांतलं मधलं बंधन, म्हणजे घेण्याचं, आपण सर्वांत सोयीस्करपणे विसरलो आहोत. येत्या दिवाळीत त्यांच्याकडून डबा येऊ द्या. आला की दाराशीच उभं राहून नव्हे, त्यांना बसवून, त्यांच्याबरोबर खा. आणि तो डबाही रिकामा परत देऊ नका.