रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे!



बिलिंग सॉफ्टवेअरमधला डेटा एक्सेलमध्ये काढला आणि मधले काही रकाने रिकामे दिसले, की आपण काय करतो? ‘बरं दिसत नाही’ म्हणून सगळीकडे शून्य भरून टाकतो. काही सॉफ्टवेअर तर एक्सपोर्ट करताना आपल्याला न विचारताच शून्य टाकतात. माझं स्पष्ट मत आहे, ही सवय धंद्याला महागात पडते.

समजा, जुन्नर तालुक्यात तुम्ही टोमॅटो सॉसचं छोटं युनिट टाकताय. नारायणगावच्या मार्केटमधून माल घेता आणि रोजचा दर नोंदवता. चार दिवस 20 किलोच्या क्रेटचे दर पडले 400, 450, 350 आणि 400. पाचव्या दिवशी तुम्ही मार्केटला गेलाच नाहीत, म्हणून तो रकाना रिकामा. एक्सेलचा एव्हरेज फॉर्म्युला रिकामा रकाना धरत नाही. 1600 भागिले 4, सरासरी 400 रुपये. बरोबर!

पण तिथे शून्य बसलं, तर तो 5 ने भागतो आणि सरासरी येते 320. हाच दर धरून तुम्ही मंचरच्या दुकानदाराला कोटेशन दिलं, तर प्रत्येक क्रेटमागे 80 रुपये तुमच्या खिशातून गेले. गंमत म्हणजे बेरीज दोन्ही वेळा 1600 च येते. त्यामुळे चूक लक्षातही येत नाही.

उधारीचं तर विचारूच नका. बाकीच्या रकान्यात शून्य म्हणजे हिशेब चुकता. रिकामा म्हणजे नोंदच झालेली नाही. रिकाम्याचं शून्य केलंत, की गिऱ्हाईकाची उधारी तुम्ही स्वतःच्या हाताने माफ केली! आणि एकदा शून्य भरलं, की खरं शून्य कुठलं आणि भरलेलं कुठलं, हे नंतर तुम्हालाही सांगता येणार नाही.

तुम्ही म्हणाल, ‘सर, रिकामं ठेवलं तरी घोळ होतोच की.’ खरंय. वजन गुणिले दर असा फॉर्म्युला असेल आणि दर रिकामा असेल, तर एक्सेल तो शून्यच धरतं. रक्कम शून्य येते, एररही दिसत नाही. म्हणून नुसतं रिकामं ठेवून भागत नाही. एवढं करा:

1. सॉफ्टवेअरवाल्याला सांगा, रिकामी जागा एक्सपोर्टमध्ये रिकामीच आली पाहिजे. ती मूळ फाईल वेगळी जपून ठेवा.

2. फाईल उघडली की आधी काउंटब्लँक फॉर्म्युला लावा. किती रकाने रिकामे आहेत ते कळेल. मग वही आणि पावत्या काढून जमतील तेवढे भरा.

3. गुणाकाराआधी इझनंबर फॉर्म्युल्याने तिथे आकडा आहे का ते तपासा. नसेल तर ‘दर बाकी’ असं लिहून येऊ द्या.

मार्केटला गेलो नाही आणि माल फुकट मिळाला, या दोन गोष्टी एकच आहेत का? नाहीत ना? मग तुमच्या शीटमध्येही त्या एकसारख्या दिसायला नकोत.