तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा हक्क

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या, तेव्हा बालशिक्षण ही शहरातल्या सुखवस्तू घरांपुरती गोष्ट होती. माँटेसरीची साधने खेड्याला परवडणारी नव्हती. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पाने, खडे गोळा करून साधने घडवली. आदिवासी पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच पाड्यावर नेली. आधी मुलांना आंघोळ घालायची, मग गाणी, गोष्टी, मोजणे. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम विस्तारले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. गरिबाच्या मुलाला उत्तम बालशिक्षण देता येते, हे डहाणूच्या त्या पट्ट्यात दोन बायकांनी करून दाखवले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. महाराष्ट्रात ती सुरुवातीला जिथे आली, त्यात मेळघाटातले धारणी होते. आहार, लसीकरण, वजन-उंची ही कामे अंगणवाडीने केली; तिच्यामुळे कितीतरी मुले जगली. पण कोसबाडला मुलांमध्ये बसून त्यांना बोलते करणारी बाई होती, आणि आज अंगणवाडी सेविकेला नेमका त्याच कामासाठी वेळ उरलेला नाही. आहार वाटायचा, पोषण ट्रॅकर ॲपवर नोंदी करायच्या, गरोदर आणि स्तनदा मातांच्या घरी जायचे, वर सांगतील ती सर्वेक्षणे करायची. हे उरकून गोष्ट कधी सांगायची?

आणि हे सगळे मानधनावर. केंद्राने २०१८ मध्ये सेविकेचे मानधन महिना ४,५०० रुपये ठरवले, मदतनिसाचे २,२५०. राज्य त्यात भर घालते, पण त्यासाठीही राज्यातल्या सेविकांना डिसेंबर २०२३ मध्ये संपावर जावे लागले. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. ही आपल्या राज्यकर्त्यांना लाज वाटावी अशी गोष्ट आहे.

शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. त्याआधीच्या तीन वर्षांची मोफत सोय सरकारने करावी, अशी सक्ती त्यात नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा शिक्षणाचा पाया मानला खरा, पण त्या पायाला पैसा मिळाला नाही. म्हणून मजुरी करणारे आईबापही पोटाला चिमटा काढून गल्लीतल्या नर्सरीची फी भरतात.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक अंगणवाडीत फक्त शिकवण्यासाठी एक प्रशिक्षित शिक्षिका हवी, तिला प्राथमिक शिक्षकाइतका पगार हवा, आणि तो शासनाच्या तिजोरीतून हवा. वाचकहो, सुट्टीत गावी गेलात की तिथल्या सेविकेला भेटा, तिचे ऐकून घ्या. जिल्हा परिषदेसाठी मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, की आमच्या अंगणवाडीला शिक्षिका कधी देणार? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.