वळूचा दाखला आणि खिल्लारचा बाजार

२०२२ च्या मे महिन्याच्या अखेरीस चिखली-जाधववाडीच्या मैदानावर बैलगाड्यांच्या शर्यती भरल्या, तेव्हा बक्षिसांच्या यादीत जेसीबी यंत्र होते, मोटारी होत्या आणि दुचाकींची तर रांग होती. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ मधील निर्णयाने थांबलेल्या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली होती. मधल्या वर्षांची कसर भरून काढण्याचा उत्साह साहजिकच मोठा होता. पुढे १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राच्या दुरुस्ती कायद्याला मान्यता दिली आणि शर्यत असावी की नसावी हा वाद निदान न्यायालयापुरता मिटला. मात्र घाटाच्या कडेला बारी पाहत उभे असलेले गाडामालक आपसांत जो प्रश्न विचारतात, त्याला ना न्यायालयात उत्तर मिळाले, ना शासनाच्या कोणत्या दप्तरात. तो प्रश्न असा : हा खोंड कोणत्या वळूचा?

या प्रश्नावर आज लाखांचे व्यवहार ठरतात. १९९७ साली चिखली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आली. ज्वारी-बाजरीची शिवारे भूखंडांत वाटली गेली, कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या, भंगाराची गोदामे पसरली. नांगराला बैल नको झाला. पण दावणीला तो हवाच आहे. जमिनीच्या मोबदल्यातून हाती आलेल्या पैशाला घर, गाडी आणि लग्न यांच्या जोडीने बैल हाही एक मार्ग सापडला. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर जे जनावर उत्पादनाचे साधन होते, ते आता प्रतिष्ठेची वस्तू झाले आहे. साधनाची किंमत त्याच्या कामावरून ठरते. प्रतिष्ठेच्या वस्तूची किंमत तिच्या नावावरून ठरते. आणि नाव म्हणजे वंश. अमुक घाट गाजवलेल्या वळूचा हा खोंड आहे, एवढ्या एका वाक्याने त्याचा भाव दुप्पट होऊ शकतो. ते वाक्य खरे की खोटे हे मात्र बोलणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि कित्येकदा त्यालाही नसते.

बैल पारखण्याची आपली विद्या जुनी आहे. दात पाहून वय ओळखतात, खूर, वशिंड, शिंगांची ठेवण आणि अंगावरचे भोवरे पाहतात, चालवून पाहतात. सौदा मात्र उपरण्याखाली बोटांच्या खुणांनी होतो, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही भाव कळू नये अशी व्यवस्था. डोळ्यांना जे दिसते ते या विद्येला कळते. जे दिसत नाही त्यापुढे ती थांबते. बाप दिसत नाही. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला मालाची खरी माहिती आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात घेणारा सरासरीचाच भाव देतो. मग उत्तम माल असणाऱ्याला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि मागे हलका माल उरतो. या विचाराला २००१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. खिल्लारच्या बाजाराला तो तंतोतंत लागू पडतो. खऱ्या वंशाचे वासरू पाळणाऱ्याला आपले म्हणणे सिद्ध करता येत नाही, म्हणून त्याला भाव मिळत नाही. आणि गोड बोलणाऱ्या हेड्याला सिद्ध करावे लागत नाही, म्हणून त्याला मिळतो.

ही कोंडी फोडण्याचे साधन आता हाताशी आहे. वासराच्या केसांची मुळे, रक्त किंवा कानाचा चिमूटभर तुकडा एवढ्यावरून त्याचा डीएनए तपासता येतो. वासराला प्रत्येक खुणेची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते. शे-दोनशे ठिकाणच्या खुणा पडताळून पाहिल्या, की ज्याला बाप म्हणून सांगितले तो बाप असू शकतो की नाही हे जवळजवळ निःसंशय कळते. पण एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चाचणी ही तुलना असते. ज्या वळूचा नमुना कोणीच जपून ठेवलेला नाही, त्याच्याशी वासराची तुलना कशी करणार? नोंदवहीवाचून प्रयोगशाळा म्हणजे दुसरे पारडे नसलेला तराजू. शिवाय चाचणी बाप सांगेल, वेग सांगणार नाही. नामांकित वळूचा खोंड घाटात मागे पडला, तर दोष प्रयोगशाळेचा नव्हे.

पाश्चात्त्य देशांनी आधी वही केली आणि मग चाचणी आणली. इंग्लंडमध्ये जॉर्ज कोट्स याने शॉर्टहॉर्न जातीच्या गुरांची वंशावळ १८२२ साली छापली. गुरांच्या वंशावळीचे ते पहिले पुस्तक मानले जाते. त्यानंतरचा इतिहास सगळाच अनुकरणीय आहे असे नाही. वंशावळीच्या कागदालाच पुढे इतकी किंमत आली, की १८७३ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क मिल्स येथील लिलावात ‘डचेस’ घराण्यातील एक गाय ४०,६०० डॉलरना विकली गेली. घराण्याची शुद्धता टिकवण्यासाठी नात्यातल्या नात्यात संकर करत राहिल्यामुळे त्या घराण्यात वांझपणा वाढला होता. खरेदीदार मात्र कागद पाहून बोली चढवत होते. कालांतराने तो फुगा फुटला. कागद खरा असूनही माल खोटा ठरू शकतो, हे त्या व्यवहाराने दाखवून दिले.

दुसरे उदाहरण अलीकडचे आणि उलट दिशेचे आहे. २००८ साली अमेरिकेतील अँगस या मांसोत्पादक जातीत वाकड्या अंगाची, मृत वासरे जन्मू लागल्याचे लक्षात आले. वंशावळीच्या नोंदी उलगडत संशोधक एका अतिशय लोकप्रिय वळूपर्यंत पोचले. त्याच्या रेतमात्रा देशभर वापरल्या गेल्या होत्या आणि दोषही तितक्याच दूर पसरला होता. काही महिन्यांत त्या दोषाची डीएनए चाचणी तयार झाली आणि दोष वाहणारी जनावरे वेगळी काढता आली. वही नसती तर दोषाचे मूळ सापडले नसते. चाचणी नसती तर तो निस्तरता आला नसता. तेथील जातसंघ कृत्रिम रेतनासाठी वापरायच्या वळूच्या मातापित्यांची जनुकीय पडताळणी सक्तीची करतात. एक गाय आयुष्यात दहा-बारा वासरे देते, एका वळूची रेतमात्रा हजारो. चुकीची किंमत जिथे हजारपट आहे, तिथे तपासणी हजारपट कडक हवी, हा त्यामागचा सरळ हिशेब आहे.

महाराष्ट्रात मांसासाठी गोवंश पाळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला राज्यात बंदी आहे. (गोवंशाचा डीएनए हे शब्द त्यामुळे आपल्याकडे अधिक ऐकू येतात ते जप्त मांसाच्या नमुन्यांच्या संदर्भात. जिवंत जनावराच्या वंशासाठी त्याचा वापर व्हावा, ही कल्पना अजून रुळायची आहे.) पण नोंदणीची गरज त्यामुळे कमी होत नाही. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ अशा आपल्या गोजातींची नोंद आहे. ती जातीची नोंद आहे, जनावराची नव्हे. जनावरांची वंशावळ ठेवणारी केंद्राची कळप नोंदणी योजना १९६३ पासूनची. तिचा भर गीर, कांकरेज, हरियाणा, ओंगोल अशा गोजातींवर आणि दुधावर. ओढकामाच्या खिल्लारला तिच्यात स्थान मिळाले नाही. राज्यात १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई झाली. बारा अंकी क्रमांकाने जनावराला ओळख मिळाली खरी, पण तो क्रमांक बापाचे नाव सांगत नाही. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते देशी गोवंशासाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ या जनुकीय चाचण्यांच्या साधनांचे लोकार्पण झाले. म्हणजे परदेशी तंत्रावर अवलंबून राहण्याची सबबही आता उरलेली नाही.

यातील विसंगती पाहण्याजोगी आहे. मान्यताप्राप्त रेतकेंद्रातील वळूंना आनुवंशिक दोषांच्या आणि वंशाच्या तपासण्यांतून जावे लागते. रेतमात्रेच्या बारीक नळीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली ‘बायफ’ची स्थापना केल्यापासून पुणे जिल्ह्यातील शेतकऱ्याला ही नळी परिचयाची आहे. ताथवड्याचे शासकीय वळूमाता प्रक्षेत्र तर चिखलीसारखेच पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. वळूची पारख त्याच्या आईवरून करावी, हे तत्त्व तेथे नावातच लिहिले आहे. पण शर्यतीत नाव काढलेला खिल्लार वळू खासगी दावणीला असतो, लांबलांबून गाई त्याच्याकडे भरवण्यासाठी आणल्या जातात, आणि त्या व्यवहाराचा पुरावा म्हणजे फार तर मोबाइलमधले एक छायाचित्र. जिथे दूध आहे तिथे वही आहे. जिथे लाखांची उलाढाल आहे तिथे तोंडी शब्द आहे.

अशा वेळी एक सोपा उपाय सुचवला जाण्याचा संभव आहे : खिल्लार म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक जनावराला डीएनए दाखल्याची सक्ती करावी. हा उपाय दिसायला नेटका आणि परिणामाने घातक ठरेल. खिल्लार जन्मते ते चिखलीत नव्हे. ते जन्मते माणदेशात, आटपाडी, म्हसवड, सांगोला, जत या दुष्काळी मुलखात, ज्यांची चाराछावणीची आठवण अजून ताजी आहे अशा पशुपालकांच्या दावणीला. त्यांच्या गाई माळावर चरताना गावच्या वळूकडून फळतात. त्या गाईच्या आईचा, आजीचा कागद कोठून आणायचा? सक्ती झाली की दाखला नसलेले वासरू एका रात्रीत ‘गावठी’ ठरेल. हेडी ते पडत्या भावात घेईल, शहराजवळ आणून त्याचा दाखला करवून घेईल आणि वंशाची वाढीव किंमत स्वतःच्या खिशात घालील. दुष्काळात जनावर जगवणारा एक आणि त्याच्या वंशाचे मोल घेणारा दुसरा, हे आजही घडते. सक्तीमुळे त्यावर सरकारी शिक्का बसेल इतकेच. २०१९ च्या पशुगणनेत राज्यातील गोवंश सुमारे १ कोटी ४० लाख भरला. २०१२ च्या तुलनेत तो सुमारे दहा टक्क्यांनी घटला होता. घटत्या कळपातून कागदाअभावी आणखी जनावरे वगळणे हे जात टिकवण्याचे लक्षण नव्हे. आणि मूठभर दाखलेवाल्या वळूंवरच सगळ्यांच्या उड्या पडल्या, तर डचेस घराण्याची गत खिल्लारची होण्यास फार पिढ्या लागणार नाहीत.

म्हणून सक्ती करायचीच, तर ती वळूपुरती करावी. या विचाराला आपल्याकडे आधार आहे. मुंबई इलाख्यात १९३३ साली पशुधन सुधारणेचा कायदा झाला, त्याचा रोख वळूंवर होता : निकृष्ट वळूचे खच्चीकरण करावे, पैदाशीचा वळू परवान्याखाली असावा. त्या कायद्यात हुकमतीचा भाग मोठा होता आणि परवाना देणाऱ्याची नजर हाच निकष होता. आज त्या नजरेच्या जागी नमुना ठेवता येईल. जो मालक मोबदला घेऊन दुसऱ्याच्या गाई भरवतो, त्याने वळूचा बिल्ला क्रमांक नोंदवावा, त्याचा डीएनए नमुना शासकीय संग्रहात द्यावा आणि आनुवंशिक दोषांची तपासणी करून घ्यावी, खर्च त्याचा. तो परवडण्यासारखा आहे, कारण तो त्या वळूवर कमावतो. गाईच्या बाजूने मात्र सक्ती नको, सोय हवी. गाय भरवल्याची नोंद जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विनाशुल्क व्हावी; वासरू जन्मल्यावर पशुपालकाची इच्छा असेल तर त्याचा नमुना सरकारी खर्चाने तपासला जावा आणि दाखला त्याच्याच नावे निघावा. वहीचे दारही उघडे असावे. जिच्या पूर्वजांची नोंद नाही पण जिच्या ठेवणीत आणि जनुकांत खिल्लारपण आहे, अशा गाईला तीत प्रवेश मिळालाच पाहिजे.

हौशी गाडामालकांच्या सौद्यांसाठी सरकारने पैसा का खर्च करावा, असा आक्षेप येईल. तो निराधार नाही. शर्यत हाच खिल्लारचा एकमेव उपयोग असता तर हा खर्च गाडामालकांवरच टाकणे न्याय्य ठरले असते. पण उन्हाला आणि निकृष्ट चाऱ्याला टिकणारी ही जनुके कोरडवाहू मुलखाची ठेव आहेत, आणि त्या ठेवीचा लाभ उद्या कोणाला होईल हे आज सांगता येत नाही. ज्याचा लाभ सर्वांना मिळतो त्याचा खर्च एकटा बाजार करत नाही, हा सार्वजनिक अर्थकारणाचा प्राथमिक पाठ आहे. तरीही शर्यतींच्या आयोजकांनी काही वाटा उचलावा ही अपेक्षा गैर नाही. ज्या मैदानावर जेसीबी बक्षीस देता येते, तिथे पहिल्या क्रमांकाच्या बैलांच्या नमुन्यांचा खर्च अवघड नाही. विजेत्या बैलांचा नमुना संग्रहात जमा करूनच बक्षीस द्यायचे, एवढा एक नियम घाटाघाटांत लागू झाला, तर दोन-तीन हंगामांत नामांकित वळूंची निम्मी वही आपोआप भरेल.

ही वही कोणाच्या ताब्यात असावी, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. गाडामालकांच्या संघटनेकडे ती गेली तर नावाजलेल्या दावणींचे हितसंबंध तीत शिरतील. केवळ शासकीय खात्याकडे राहिली तर ती कपाटात राहण्याची भीती. नमुने आणि चाचणी शासनाकडे, नोंदी मात्र कोणालाही बिल्ला क्रमांक टाकून पाहता येतील अशा खुल्या, आणि देखरेखीवर माणदेशातील पशुपालकांचे प्रतिनिधी बरोबरीच्या संख्येने, अशी काही रचना करावी लागेल. तसे झाले तर खरसुंडीच्या जत्रेत खोंड विकायला आणणारा पशुपालक उपरण्याखाली हात घालण्यापूर्वी हेड्यापुढे दाखला धरू शकेल, आणि चिखलीचा गाडामालक त्या खोंडाला जो भाव देतो तो त्यालाही आधीच ठाऊक असेल.