गरवणाऱ्याची वही आणि दुकानदाराची खतावणी

वर्ष सरत आले की जमाखर्च मांडण्याची रीत प्रत्येक धंद्यात आहे. कोणी दिवाळीला वही बदलतो, कोणी ३१ मार्चला, तर आपल्यापैकी पुष्कळांचे खरे वर्ष रमजानच्या बाजाराभोवती फिरत असते. परंतु या जमाखर्चात एक मोठी उणीव राहून जाते. जे विकले गेले ते वहीत येते. जे विकले गेले नाही ते का विकले गेले नाही, याची नोंद मात्र कोठेच नसते. ही उणीव ज्यांनी आपल्यापुरती भरून काढली आहे, अशा काही लोकांची ओळख आज या पानावर करून द्यावीशी वाटते. समुद्रावर गळ टाकून मासे धरणारे हे लोक आहेत.

नगरच्या व्यापाऱ्याला समुद्राशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. जिल्ह्याला किनारा नाही आणि समुद्राचा मासा आपल्याकडे बर्फात भरून येतो, हे खरेच आहे. परंतु १४९० मध्ये मलिक अहमदने ज्या निजामशाहीची स्थापना केली, तिचे मोठे बंदर कोकणातील चौल हे होते. १५०८ मध्ये याच चौलजवळ पोर्तुगीज आरमाराचा पराभव झाला आणि त्यांचा सेनानी लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तेव्हा समुद्र नगरला अगदीच परका नाही. आज त्याच चौल-रेवदंड्याच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी आणि खडपांवर, लोक गळ टाकून बसलेले दिसतात. कोकणात गळाला गरी म्हणतात आणि गरीने मासे धरण्याला गरवणे. कोणी घरच्या कालवणापुरते गरवतो, कोणी चार मासे बाजारात विकतो, तर कोणी सुट्टीच्या दिवशी केवळ हौस म्हणून येतो.

जाळेवाला आणि गरवणारा यांच्यात मोठा फरक आहे. जाळेवाला टोपल्या मोजतो, तर गरवणारा एकेक मासा मोजतो. पर्ससीन जाळे माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालून ओढते. गरवणाऱ्याजवळ एक कांडी, थोडा तंगूस, शिशाचा तुकडा, एक गरी आणि आमिषाला कोळंबी, एवढाच पसारा असतो. मासा कोठे आहे, कोणत्या वेळी खातो आणि काय खातो, हे ठाऊक असल्यावाचून त्याच्या हाती काही लागत नाही. जाळ्याचे काम ताकदीवर चालते, गरीचे काम माहितीवर चालते.

म्हणूनच गरवणाऱ्यांपैकी जाणती माणसे एक लहानशी वही ठेवतात. तीत तिथी, भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा, पाणी गढूळ होते की निवळ, आमिष कोणते लावले, काय लागले आणि किती सोडून दिले, एवढे लिहिलेले असते. किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे. तिथीला तीनने गुणावे आणि चारने भागावे, म्हणजे मुंबई-अलिबागच्या बाजूला पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे निघते. अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसातला. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, त्यावरून हा हिशेब बसला आहे. चांद पाहून महिना धरणाऱ्या आपल्या वाचकांना तो समजण्यास काहीच अडचण नाही. चांदाची तारीख तिथीच्या एखाददोन दिवस मागे असते, एवढे लक्षात ठेवले की झाले. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, पाण्याला ओढ असते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाणी मंद असते. कोणत्या पाण्यात जिताडा लागतो, कोणत्या पाण्यात तांबोशी आणि कोणत्या पाण्यात नुसता शिंगाळा, हे ज्याच्या त्याच्या वहीत वर्षानुवर्षे साठत जाते.

पण या वहीची खरी किंमत तिच्यातील रिकाम्या दिवसांत आहे. दहा वेळा किनाऱ्यावर गेलो आणि सहा वेळा हात हलवीत परतलो, तर ते सहाही दिवस वहीत असतात. पाणी गढूळ होते, उशिरा पोहोचलो, आमिष मेलेले होते, असे कारणही त्यापुढे असते. वर्षअखेर पाने उलटली की सहापैकी चार दिवस एकाच कारणाने फुकट गेले, हे डोळ्यांसमोर येते. पुढच्या वर्षी काय करायचे, हे मग कोणाला विचारावे लागत नाही.

२०२५ साल या मंडळींना कसे गेले ते पाहा. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्यामुळे मे महिना हा हंगामाचा शेवटचा महिना. परंतु त्या वर्षी मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. एरवी तो ११ जूनच्या सुमारास मुंबईत येतो. हंगामाचे शेवटचे दिवस असे पाण्यात गेले. पावसाळा संपून पाणी निवळेल असे वाटत असताना ऑक्टोबरच्या आरंभी अरबी समुद्रात 'शक्ती' चक्रीवादळ उठले आणि मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा मिळाला. जो केवळ माशांची संख्या लिहितो, त्याच्या दृष्टीने हे वर्ष वाईट ठरते. जो कारणे लिहितो, त्याला आपल्या चुकीने किती दिवस गेले आणि आभाळाने किती नेले, हे वेगवेगळे काढता येते.

आपल्या जिल्ह्यातही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेवगाव, पाथर्डी, जामखेड भागात अतिवृष्टी झाली, पूर आले, पिके गेली. शेतकऱ्याच्या हातात पैसा नसला की कापड, भांडी, बांगड्या, गाद्या, सारीच दुकाने बसतात. अशा वर्षी "धंदा नव्हता" हे वाक्य सर्वांच्या तोंडी असते. त्यातील किती पावसाने गेला आणि किती आपल्या हाताने गेला, हे मात्र वही नसल्यामुळे कोणालाच सांगता येत नाही.

आता पुढील वर्षाच्या उद्दिष्टांकडे वळू. गरवणाऱ्यांकडून येथे तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, उद्दिष्ट आपल्या हातातले असावे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघरच्या किनाऱ्यावरील एका बोटीच्या जाळ्यात दीडशेहून अधिक घोळ मासे एकदम सापडले आणि त्यांचे एक कोटीहून अधिक रुपये आल्याच्या बातम्या देशभर छापल्या गेल्या. घोळीच्या पोटातील बोताला परदेशात मोठी किंमत येते, त्यामुळे हे घडले. परंतु अशा नशिबावर कोणी शहाणा माणूस वर्षाचा बेत आखत नाही. "यंदा वीस जिताडे धरीन" असे ठरवून काही होत नाही, कारण जिताडा आपल्याला विचारून गरीला लागत नाही. "यंदा चाळीस भरत्यांना वेळेवर पोहोचेन, आमिष जिवंत नेईन," असे मात्र ठरविता येते आणि पाळताही येते. दुकानदाराने "यंदा विक्री दुप्पट करीन" असे म्हणण्यापेक्षा "दुकान रोज ठरल्या वेळी उघडीन, शिवायला घेतलेला कपडा सांगितल्या दिवशी देईन, उधारीची यादी दर शुक्रवारी पाहीन," असे ठरवावे. विक्री त्यामागून येते.

दुसरी गोष्ट, लहान मासा सोडून द्यावा. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली आणि त्याहून लहान मासा धरण्यास व विकण्यास मनाई केली. पापलेट १३५ मिलीमीटरपेक्षा लहान नसावे, असे त्यात आहे. याच पापलेटला त्याच वर्षी राज्य मासा म्हणून मान मिळाला. अंडी घालण्याची एक संधी मिळण्यापूर्वीच मासा संपविला, तर उद्या धरायला काहीच उरणार नाही, एवढा साधा विचार यामागे आहे. जाळ्यातील लहान मासा बाहेर येईपर्यंत बहुधा मेलेला असतो. गरीला लागलेला मासा ओल्या हाताने, लवकर सोडला तर वाचू शकतो. म्हणून ही जबाबदारी गरवणाऱ्यावर अधिक येते आणि चांगले गरवणारे किती धरले याच्याबरोबर किती सोडले, हेही लिहितात.

आपल्या धंद्यात लहान मासा कोणता? पहिल्यांदा दुकानात आलेले अनोळखी गिऱ्हाईक हा लहान मासा आहे. त्याच्याकडून त्याच दिवशी जास्तीत जास्त काढून घेतले, तर ते पुन्हा पायरी चढत नाही. पण त्याहून महत्त्वाचा लहान मासा म्हणजे आपल्या कारखान्यात, गॅरेजमध्ये, शिलाईच्या मशिनीवर बसविलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर सर्वच धंद्यांत गुन्हा आहे. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर हातभार लावण्याची तेवढी मुभा आहे. परंतु येथे कायद्यापेक्षा हिशेब मोठा आहे. हा मुलगा आज रोजचे शंभर-दोनशे रुपये वाचवितो आणि उद्याचा शिकलेला कारागीर, बिल वाचू शकणारा, बँकेत बोलू शकणारा वारस आपल्याला गमावावा लागतो. त्याला शाळेत सोडणे म्हणजे वाढू देण्यासाठी मासा पाण्यात सोडण्यासारखेच आहे. कारागिरांच्या प्रत्येक मोहल्ल्यात या एका उद्दिष्टावर विचार झाला पाहिजे.

तिसरी गोष्ट अवजारांची. २२ सप्टेंबर २०२५ पासून गळ, कांडी, रीळ इत्यादी सामानावरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. शिलाई मशिनीवरील करही तसाच १२ वरून ५ वर आला. स्वस्ताई आली की हौशी माणूस चार कांड्या घेतो आणि मासा एका कांडीनेच धरतो. अनुभवी गरवणारा आधी वही पाहतो. दोरी तुटल्यामुळे पाच मासे गेले असतील तर दोरी बदलतो, कांडीला हात लावीत नाही. आपणही नवे मशीन घेण्यापूर्वी, शोकेसवर खर्च करण्यापूर्वी, काम नेमके कोठे अडते ते लिहून पाहावे. कर्ज काढून घेतलेले अवजार महिन्यातील किती दिवस चालेल, हे आकड्यांत सांगता येत नसेल तर ते वर्षभर थांबवावे.

ज्यांना या सामानाचाच व्यापार करायचा आहे, त्यांच्यासाठीही येथे एक शब्द. समुद्र लांब असला तरी राहुरीजवळचे मुळा धरण, अकोल्यातील भंडारदरा आणि शेवगाव-नेवाशाच्या कडेला पसरलेले जायकवाडीचे पाणी जिल्ह्यात आहे. तेथे मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार संस्थांकडे असतात. तेव्हा परवानगीची चौकशी केल्याविना कोणी गळ टाकू नये आणि विक्रेत्यानेही गिऱ्हाइकाला तसे सांगावे. हे नियम पाळून दोरी, गरी, शिसे, जाळ्यांचे सूत असे किरकोळ सामान ठेवणारे दुकान तालुक्याच्या गावी चालू शकते. मात्र आरंभ थोड्या मालाने करावा आणि कोणती वस्तू मागितली गेली व नव्हती, हे पहिल्या दिवसापासून लिहावे.

काही वाचक म्हणतील की आम्ही पडलो लहान माणसे, आमच्यापुढे ऑनलाईनवाल्या कंपन्यांची मोठमोठी जाळी पसरली आहेत, वही लिहून काय होणार? शंका रास्त आहे. ज्याच्याजवळ गोदामे आणि सवलत देण्याची ताकद आहे, त्याच्याशी किमतीत झुंजणे आपल्याला परवडणार नाही. पण मोठ्या जाळ्याचेही स्वतःचे धोके असतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातकर लावला, तेव्हा आंध्रमधील कोळंबीच्या मोठमोठ्या निर्यातदारांचे हिशेब कोलमडले. खाडीच्या तोंडाशी बसलेल्या गरवणाऱ्याला त्याची झळ लागली नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक गावातच होते. शिवाय कंपन्यांनाही गिऱ्हाइकाची माहिती लागतेच. आपण काय पाहिले आणि न घेता काय सोडून दिले, हे त्यांची यंत्रे सतत टिपत असतात. म्हणजे रिकाम्या दिवसाची नोंद त्यांनी कधीच सुरू केली आहे. कापड बाजारातल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाचे नाव, घर आणि लग्नकार्य ठाऊक असते. ही माहिती कोणत्याही यंत्राजवळ नाही. ती कागदावर उतरत नाही, एवढीच अडचण आहे.

तेव्हा आमची सूचना अगदी साधी आहे. खतावणीच्या शेजारी वीस रुपयांची एक वही ठेवावी आणि तीत चार रकाने आखावेत: तारीख, गिऱ्हाइकाने काय मागितले, का दिले गेले नाही, आणि पुढे काय करायचे. मण्यारांनी मागितलेला पण नसलेला बांगडीचा रंग लिहावा, बागवानांनी कोणत्या दिवशी किती फळ सडले ते लिहावे, नदाफांनी परत गेलेली गादी लिहावी, शिकलगारांनी धार न टिकल्याची तक्रार लिहावी. ज्यांना लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांनी शाळेत जाणाऱ्या मुलाकडून रात्री पाच मिनिटे लिहवून घ्यावे, म्हणजे मुलालाही धंदा कळेल. बारा महिन्यांनी ती वही उघडली की पुढच्या वर्षाची उद्दिष्टे तिच्यातच सापडतील. त्यांतली तीनच निवडावीत आणि ती गल्ल्याच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवावीत. भरती कोणासाठी थांबत नाही, पण ती केव्हा येते हे लिहून ठेवणाऱ्याला समजते.