निकामी दारूगोळा, कंत्राटी जीव

नवे शस्त्र सैन्यात दाखल होते तेव्हा मंत्री येतात, नारळ फुटतो, छायाचित्रे निघतात. तेच शस्त्र बिघडते किंवा त्याची मुदत संपते, तेव्हा त्याच्याजवळ कोण उभे असते, हा प्रश्न आपल्या संरक्षणविषयक चर्चेत क्वचितच विचारला जातो. गांधीजींच्या सेवाग्रामचा जो जिल्हा, त्या वर्धा जिल्ह्याने या प्रश्नाचे उत्तर दोनदा पाहिले आहे.

२० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी, पुलगावपासून जवळच असलेल्या सोनेगाव (आबाजी) येथील लष्करी मैदानावर जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीचा जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू होते. पेट्या उतरवल्या जात असताना स्फोट झाला. सहा माणसे मृत्युमुखी पडली, आणखी कित्येक जखमी झाली. पेट्या वाहणारे बहुतेक जण आसपासच्या खेड्यांतले, कंत्राटदाराने रोजंदारीवर आणलेले मजूर होते. जेथे कोरडवाहू शेती वर्षभर पोट भरू शकत नाही, तेथे मृत्यूच्या पेट्या वाहायलाही माणसे स्वस्तात मिळतात. कंत्राटदारीची सारी किमया एवढीच आहे.

त्याआधी, ३१ मे २०१६ च्या मध्यरात्री, पुलगावच्याच केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह किमान १६ जणांचा तीत बळी गेला. मृतांत आग विझवायला धावलेल्या कर्मचाऱ्यांची संख्या मोठी होती. भांडारातील सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक द्रव्य झिरपत होते, हे पुढे उघड झाले. जे युद्धात वापरता येत नाही ते वेळीच नष्ट केले नाही, तर ते घरच्याच माणसांवर उलटते, हा या आगीचा धडा होता. नष्ट करण्याचे काम अडाणी घाईने आणि उसन्या हातांनी केले, तरीही माणसेच मरतात, हा धडा अडीच वर्षांनी सोनेगावने दिला.

मोडलेल्या शस्त्राला तीनच वाटा असतात: दुरुस्ती, बदली आणि विल्हेवाट. बदलीच्या मागे खरेदी असते, खरेदीच्या मागे दलाल असतात. म्हणून तिला वाली भरपूर. दुरुस्तीला खडकीसारख्या लष्करी कार्यशाळांतील कसबी कामगार लागतो आणि त्याला कायम नोकरी द्यावी लागते. म्हणून ती सरकारच्या डोळ्यांत सलते. विल्हेवाटीला मात्र कोणीच वाली नाही. तिच्यातून ना कीर्ती मिळते, ना दलाली. म्हणून ती भंगाराचा व्यवहार समजून कंत्राटात ढकलली जाते. वस्तुतः मुदत संपलेला तोफगोळा हा भंगार नव्हे. तो नव्या गोळ्यापेक्षाही अधिक जाणकार हात मागतो, कारण त्याच्या पोटातील द्रव्य काळाच्या ओघात कसे पालटले आहे हे बाहेरून दिसत नाही.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या. कामगार संघटनांचा विरोध होता. त्याच वर्षी संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घालणारा कायदा करून तो दडपण्यात आला. कंपनीचा हिशेब नफ्याचा असतो. नफ्याच्या हिशेबात विल्हेवाट ही निव्वळ खर्चाची बाब ठरते आणि खर्च वाचवण्याचा सोपा मार्ग म्हणजे कंत्राटी मजूर. संसदेने १९७० मध्ये कंत्राटी कामगारांसाठी कायदा केला, तेव्हा त्याच्या नावात ‘नियमन’ या शब्दाशेजारी ‘निर्मूलन’ हाही शब्द होता. २०२० च्या श्रमसंहितेत तो कायदा विलीन करण्यात आला आणि नावातला तो शब्द गेला. शब्द गेला, कारण इरादा आधीच गेला होता.

हा लष्करी गुपिताचा विषय आहे, असे सांगून सरकार चर्चा टाळू पाहील. गोळा कसा बनतो हे गुपित असेल. तो फेकून देताना कोण मरतो, हे गुपित असू शकत नाही. येथे आपणही थोडे अंतर्मुख व्हायला हवे. बोफोर्सपासून राफेलपर्यंत खरेदीच्या व्यवहारांवर आपण रान उठवले, ते योग्यच होते. परंतु खरेदी झालेल्या मालाच्या शेवटच्या प्रवासातील मजुराकडे आपले लक्ष किती गेले?

आमच्या मागण्या साध्या आहेत. दारूगोळ्याच्या विल्हेवाटीत कंत्राटी मजुरीवर पूर्ण बंदी घालावी. हे काम प्रशिक्षित, कायम कामगारांनीच करावे. मुदत संपलेल्या साठ्याचा हिशेब संसदेच्या संरक्षणविषयक समितीपुढे दरवर्षी ठेवावा. अशा कामात मरण पावलेल्या मजुराच्या कुटुंबाला शहीद जवानाच्या कुटुंबाइतकेच निवृत्तिवेतन मिळावे. लष्करी मैदानांलगतच्या गावांना स्फोटांच्या वेळांची पूर्वसूचना देणे बंधनकारक करावे.

सीमेवर मरणाऱ्याला देश सलाम करतो. सोनेगावचा मजूरही देशाच्याच दारूगोळ्याने मेला. त्याची नोंद मात्र ठेकेदाराच्या हजेरीपटावर संपते. ती तेथे संपू न देणे हे आपले काम आहे.