फॉर्मॅट मारण्यापूर्वीं

वऱ्हाडांत मृगाचा पाऊस एकदां येऊन पुढें पंधरा दिवस दडी मारून बसला, म्हणजे दुबार पेरणीचें संकट उभें राहतें, हें येथील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. त्या वेळीं ज्याच्या घरीं सोयाबीनचें किंवा तुरीचें बियाणें शिल्लक असतें, तो पुन्हां पेरणीस लागतो. ज्यानें दाणा न् दाणा विकून टाकलेला असतो, त्यास उसनवारीसाठीं दारोदार हिंडावें लागतें. जमीन दोघांची सारखी, पाऊसही तोच. भेद काय तो पूर्वतयारीचा. हाच न्याय आपल्या घरांतील व शाळेंतील कॉम्प्युटरास लागू पडतो, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कॉम्प्युटर एके दिवशीं नेहमीप्रमाणें सुरू होत नाहीं. बटण दाबलें कीं पंखा फिरतो, दिवा लागतो, कंपनीचें चिन्ह दिसतें, आणि पुढें केवळ निळा किंवा काळा पडदा! हा प्रसंग आपल्याकडे विरळा नाहीं. उन्हाळ्यांत विजेचा दाब खालींवर होतो, वळवाच्या वादळांत वीज अकस्मात् जाते, आणि नेमकें त्याच वेळीं यंत्र नवी सुधारणा बसवून घेण्यांत गुंतलेलें असतें. मग तें दुचाकीवर बांधून दुकानांत नेलें जातें. तेथें पुष्कळदां एकच निदान ऐकूं येतें : "फॉर्मॅट मारावें लागेल." मालक मान डोलावतो. तास-दोन तासांत यंत्र नव्यासारखें होऊन परत येतें. परंतु मुलाचा विज्ञानाचा प्रकल्प, बहिणीच्या लग्नाचीं छायाचित्रें व आईनें ठेवलेला बचत गटाचा हिशेब हीं सर्व नाहींशीं झालेलीं असतात. दुरुस्तीचे पैसे देऊन आपण आपलें सामान जाळून घेतलें, हें त्या बिचाऱ्याच्या ध्यानांत फार उशीरा येतें.

माझें स्पष्ट मत असें आहे कीं, या वाक्यास होकार देण्यापूर्वीं दोन-चार प्रश्न विचारण्याइतकें ज्ञान हायस्कुलांतील प्रत्येक मुलामुलीस असलें पाहिजे, आणि तें देणें हें शाळेचें कर्तव्य आहे.

यंत्र सुरू होतें म्हणजे काय होतें, तें प्रथम पाहूं. वीज मिळतांच यंत्राच्या मुख्य पाटीवरील एका चिपेंत सांठविलेला लहानसा प्रोग्राम जागा होतो. तो स्मरणशक्ति, कळफलक, डिस्क इत्यादींची हजेरी घेतो व ऑपरेटिंग सिस्टीमच्या द्वारपालास हांक मारतो. हा द्वारपाल सिस्टीमचा गाभा स्मृतींत आणतो, गाभा निरनिराळ्या भागांचे ड्रायव्हर कामास लावतो, आणि सर्वांच्या शेवटीं आपलें नांव विचारणारा पडदा दिसतो. या सांखळींतील एक कडी तुटली तरी पुढील सर्व काम थांबतें. परंतु आपण लिहिलेले निबंध व जमविलेलीं छायाचित्रें या सांखळीचा भाग नव्हेत. तीं डिस्कवर निराळ्या जागीं असतात आणि डिस्क शाबूत असल्यास बहुधा जशींच्या तशीं असतात. घराचें दार अडलें म्हणून आंतील भांडीं फुटलीं, असें होत नाहीं. एवढें एक तत्त्व मनांत ठसलें तरी निम्मी घाबरगुंडी नाहींशी होईल.

सुज्ञ वैद्य प्रथम पथ्य सांगतो, मग औषध देतो, आणि शस्त्रक्रिया शेवटीं सुचवितो. येथेंही तोच क्रम पाळावा. विंडोज लागोपाठ दोन-तीन वेळां सुरू होऊं शकलें नाहीं, तर दुरुस्तीचा पडदा बहुधा आपोआप उघडतो. यंत्र कसेंबसें चालत असेल तर शिफ्ट कळ दाबून धरून रिस्टार्ट केल्यानेंही तो मिळतो. तेथें पहिला उपाय स्टार्टअप रिपेअर. यांत यंत्र स्वतःच तुटलेली कडी शोधतें. दुसरा सेफ मोड; यांत अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर चालतात, म्हणून नुकताच बसविलेला एखादा प्रोग्राम घात करीत असेल तर तो काढून टाकतां येतो. तिसरा उपाय, नुकतीच आलेली सुधारणा परत घेणें. चौथा सिस्टीम रिस्टोर. ही सोय विंडोजमध्यें इ. स. २००० पासून आहे. ती सिस्टीमला पूर्वींच्या एखाद्या दिवसाच्या स्थितींत नेते, नंतर बसविलेले प्रोग्राम काढते, परंतु आपल्या लेखनास हात लावीत नाहीं. मात्र त्यासाठीं रिस्टोर पॉईंट आधीं केलेला असावा लागतो, आणि कित्येक यंत्रांत ही सोय बंदच असते. पांचवा उपाय रिसेट. त्यांतही "माझ्या फाइली ठेवा" असा पर्याय आहे, यद्यपि मागाहून बसविलेले प्रोग्राम जातात. हे सर्व हरले म्हणजेच आठ जी.बी.च्या पेनड्राइव्हवरून संपूर्ण नवी सिस्टीम बसविण्याची पाळी यावी. आणि त्यापूर्वींही लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून, डिस्कला धक्का न देतां, आपल्या फाइली बाहेर काढून घेण्याचा मार्ग पुष्कळदां मोकळा असतो.

हे ज्ञान क्षुल्लक नाहीं, हें दोन अलीकडील घटनांवरून कळून येईल. २७ जून २०१७ रोजीं नॉटपेट्या नांवाचा दुष्ट प्रोग्राम युक्रेनमधून जगभर पसरला. तो यंत्र सुरू होण्याच्या मुळावरच घाव घालीत असे. मर्स्क या जहाज कंपनीचे व्यवहार ठप्प झाले, आणि त्याचा तडाखा आपल्या महाराष्ट्रांत न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलासही बसला. कंपनीनें सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० कॉम्प्युटर नव्यानें उभे केले. परंतु यंत्रांच्या जाळ्याची जी मुख्य वही, तिच्या जगभरांतील प्रति पुसल्या गेल्या होत्या. वांचली फक्त एक, आफ्रिकेंतील घाना देशांत. कारण हल्ल्याच्या वेळीं तेथील वीज गेल्यामुळें तें यंत्र जाळ्यापासून तुटलेलें होतें! विजेच्या नांवानें बोटें मोडणाऱ्या आम्हां वऱ्हाडकरांस ही कथा मौजेची वाटेल. परंतु तिचें तात्पर्य गंभीर आहे. जी प्रत यंत्रापासून अलग होती, तीच कामास आली.

दुसरी घटना १९ जुलै २०२४ ची. क्राउडस्ट्राइक या संरक्षक प्रोग्रामाच्या एका सदोष सुधारणेनें सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रें निळा पडदा दाखवूं लागलीं. भारतांतील विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. कंपनीनें ती सुधारणा दीड तासाच्या आंत परत घेतली. तरी बंद पडलेलीं पुष्कळ यंत्रें तेवढ्यानें उठलीं नाहींत. त्यांच्यापुढें मनुष्यानें बसून, सेफ मोडमध्यें जाऊन, एक लहानशी फाइल पुसावी लागली. ज्या यंत्रांची डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद होती, तेथें ४८ अंकी किल्लीही लागली. ती जपून ठेवलेली नव्हती तेथें काम अडून बसलें. फॉर्मॅट न करतां केवळ एक फाइल काढून बरी होण्यासारखीं लक्षावधि यंत्रें होतीं, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी नाहीं काय?

यावर कोणी म्हणतील, "मुलांच्या हातीं हीं हत्यारें दिलीं तर तीं चांगलीं यंत्रेंही बिघडवतील." हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु पोहण्याच्या भीतीनें मुलांस पाण्यापासून दूर ठेवणें, हा बुडण्यावरील उपाय नव्हे. जुन्या, रिकाम्या यंत्रावर शिक्षकांच्या देखरेखीखालीं शिकविल्यास कशाचीही हानि होत नाहीं. दुसरे म्हणतील, "आतां सर्व कांहीं मोबाइलांत व क्लाउडवर असतें, चिंता कशाची?" क्लाउडवर जें खरोखर गेलें असेल तेवढेंच तेथें असतें, किती गेलें याची खात्री आपल्यापैकीं किती जण करून घेतात? शिवाय खात्याचा पासवर्ड विसरला, म्हणजे ती कोठारेंही कुलूपबंदच. तिसरे विचारतील, "मग दुकानदारांनीं करावें तरी काय?" दुकानदारांविषयीं माझ्या मनांत आकस नाहीं. एकट्या माणसापुढें दहा यंत्रें पडलेलीं असतां तो जवळची वाट धरतो, यांत नवल नाहीं. जाणतें गिऱ्हाईक आपली गरज नीट सांगूं शकेल, तर त्याचेंही काम अधिक चोख होईल. आणि डिस्कमधून खटखट आवाज येत असेल, किंवा यंत्रास ती दिसतच नसेल, तर स्वतः खटपट न करतां यंत्र बंद करून जाणत्याकडेच न्यावें. आपल्या ज्ञानाची सीमा ओळखणें हाही शिक्षणाचाच भाग होय.

यास्तव अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील शाळांच्या चालकांपुढें तीन सूचना नम्रपणें मांडाव्याशा वाटतात. पहिली : प्रत्येक शाळेनें, जशी आगीची तालीम घेतात तशी, वर्षांतून एकदां यंत्र पुनः उभें करण्याची तालीम नववीच्या वर्गाकडून करवून घ्यावी. दुसरी : प्रयोगशाळेंत एक दुरुस्तीचा पेनड्राइव्ह तयार ठेवावा, बिटलॉकरच्या किल्ल्या कागदावर उतरवून मुख्याध्यापकांच्या कपाटांत ठेवाव्या, आणि निकालपत्रकांची एक प्रत यंत्रापासून अलग असलेल्या डिस्कवर दर आठवड्यास घ्यावी. तिसरी : ती प्रत खरोखर उघडते कीं नाहीं, हें दर सत्रास पाहावें, कारण न उगवणारें बियाणें कणगींत असून नसून सारखेंच. शेतकरी मूठभर दाणे ओल्या पोत्यांत गुंडाळून त्यांची उगवण पाहतो, तसेंच हें आहे.

विद्यार्थीमित्रहो, या कामास फार पैसा लागत नाहीं. लागतो तो थोडा धीर व थोडी शिस्त. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कॉम्प्युटरांतलें जाणणारे तुम्हीच पहिले असाल. आजोबांचा एकुलता एक फोटो किंवा वडिलांच्या शेतीचा पांच वर्षांचा हिशेब वांचविणें पुष्कळदां तुमच्याच हातीं असेल. तो प्रसंग आला म्हणजे घाईनें "हो" म्हणूं नका. "आधीं माझ्या फाइली बाहेर काढून द्या," असें नम्रपणें परंतु ठामपणें सांगा. आणि शक्य तर तो प्रसंग येण्याची वाट न पाहतां आजच संध्याकाळीं घरच्या यंत्राची एक प्रत करून ठेवा.