वऱ्हाडातील उन्हाळी टोमॅटो आणि एप्रिलची रात्र

उन्हाळी टोमॅटोविषयी जो सल्ला महाराष्ट्रात सर्वत्र फिरतो, तो बहुतांशी जुन्नर-नारायणगाव परिसराच्या अनुभवावर उभा असून, अकोला-अमरावतीकडील एक-दोन एकर ओलिताच्या शेतकऱ्याने तो जसाच्या तसा उचलला, तर मे महिन्यात झाड हिरवेगार आणि फळ मात्र नाही, अशी अवस्था ओढवते. जुन्नर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे आणि अकोला जेमतेम 280 मीटरवर. त्यामुळे अकोल्याचे सरासरी किमान तापमान मार्चमध्ये 20 अंश सेल्सिअसच्या आसपास असले, तरी एप्रिलमध्ये ते 24 आणि मेमध्ये 27 अंशांजवळ जाते. दुपारच्या 44-45 अंशांची चर्चा पुष्कळ होते. टोमॅटोच्या दृष्टीने तितकीच निर्णायक असलेली रात्र मात्र दुर्लक्षित राहते.

टोमॅटोत फळधारणा, म्हणजे परागीभवनानंतर फुलाचे फळात रूपांतर होणे, रात्रीचे तापमान 21 ते 24 अंशांच्या वर टिकून राहिले की झपाट्याने मंदावते. परागकण घडण्याची नाजूक अवस्था फूल उमलण्याच्या साधारण आठ ते तेरा दिवस आधी येते, म्हणून फूलगळ दिसू लागल्यावर फवारलेली संजीवके मर्यादितच उपयोगी पडतात. नुकसान कळीतच झालेले असते. शेडनेटही येथे फारसे साहाय्य करू शकत नाही, कारण ते दिवसाचे ऊन अडवते, रात्र थंड करत नाही. त्याचे खरे काम आधीच धरलेल्या फळांना उन्हाच्या चट्ट्यांपासून वाचवणे आणि रंग टिकवणे हे होय, कारण लायकोपीन हे लाल रंगद्रव्य 30 अंशांपुढे नीट तयार होत नाही व फळ पिवळट राहते. मेमध्ये फळधारणा वाढवण्याचे साधन म्हणून शेडनेट विकले जाते, तेव्हा विक्रेत्याचे भले अधिक होते.

यावरून वऱ्हाडापुरते वेळापत्रक मागे सरकवणे क्रमप्राप्त ठरते: डिसेंबरच्या पूर्वार्धात रोपवाटिका, जानेवारीच्या पूर्वार्धात लागवड, मार्चअखेरपर्यंत फळधारणा आणि मेच्या आरंभी पीक मोकळे. काळी जमीन वाळताना आकसून भेगाळते व मुळे तुटतात. ठिबकच्या जोडीला सोयाबीनच्या कुटाराचे आच्छादन त्यावर स्वस्त उपाय आहे. या वेळापत्रकातील मोठी अडचण शेजारच्या शेतात असते. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन राखलेली कपाशी, जानेवारीत उभी असेल तर तिच्यावरील पांढरी माशी कोवळ्या टोमॅटोवर उतरते आणि पर्णगुच्छ रोगाचा विषाणू पसरवते. रोपे कीटकरोधक जाळीखाली वाढवणे आणि अर्का रक्षकसारखा या रोगाला प्रतिकारक संकर निवडणे, या दोन्ही गोष्टी अपरिहार्य आहेत. फरदड मोडण्याचा प्रश्न मात्र एकट्या शेतकऱ्याच्या हातचा नाही.

फुलांना आजवर धुऱ्यावरची शोभा मानले गेले आहे. आफ्रिकन झेंडू हे सापळा पीक, म्हणजे किडीला मुख्य पिकापासून स्वतःकडे ओढणारे पीक, म्हणून टोमॅटोच्या 16 ओळींमागे एक ओळ असे लावण्याची शिफारस प्रसिद्ध आहे. तीत झेंडूचे रोप 40 दिवसांचे आणि टोमॅटोचे 25 दिवसांचे घेतात, ते दोन्ही पिके एकाच वेळी फुलावीत म्हणून. घाटेअळीचा पतंग मग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालतो. मात्र ती फुले वेळेवर तोडली नाहीत, तर सापळ्याचीच रोपवाटिका होते, ही अर्धी शिफारस बहुधा वगळली जाते. शिवाय कोरड्या उष्णतेत झेंडूवर लाल कोळी वाढतात आणि फुले लहान राहतात, तेव्हा मेच्या लग्नसराईसाठी त्यावर विसंबणे धोक्याचे होय. त्या काळासाठी गलांडा अधिक काटक ठरतो, आणि मोगऱ्याचा तर उन्हाळा हाच बहराचा हंगाम आहे. फक्त काळ्या जमिनीत पावसाळ्यात साचणारे पाणी त्याला सोसत नाही, म्हणून उंच वाफे व चर आधी हवेत.

दर्यापूर, मूर्तिजापूर किंवा अकोटकडील खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील खारट भूजलाच्या प्रदेशात, हा सारा हिशेब विहिरीच्या पाण्याच्या तपासणीनंतरच मांडता येईल. जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता, म्हणजेच विरघळलेल्या क्षारांचे मोजमाप, 2.5 डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की दर एककामागे टोमॅटोचे उत्पादन सुमारे 10 टक्क्यांनी घटते, आणि उन्हाळ्यात ठिबकच्या ओल्या पट्ट्याच्या कडेला साठणारे क्षार धुण्यास पाऊसही नसतो. अशा ठिकाणी पावसाचे पाणी साठवलेले शेततळे नसेल, तर टोमॅटोचे क्षेत्र काही गुंठ्यांपुरते ठेवणे किंवा ते पीक त्या हंगामापुरते वगळणे अधिक व्यवहार्य आहे.